शुक्रवारी वाढणाऱ्या बरण्या

“माझ्या घरी चोरी झालेली नाही,” ती बाई म्हणाली. “चोरी झाली असती तर मी इथवर आलेच नसते. माझ्या घरी भर पडतेय.”

लाल्ला तामूने चहाचा पेला खाली ठेवला. अशील बोलत असताना तिचे डोळे एरवी खिडकीबाहेर असत. आता ते बाईवर येऊन थांबले. कोपऱ्यात बसलेल्या सी बुश्ताला मात्र वाटलं, आपल्याला ऐकू कमी यायला लागलं. ही भीती त्याला हल्ली वरचेवर वाटे.

शफशावन शहराच्या जुन्या बाजारात, एका भटारखान्याच्या माडीवर, ‘खासगी चौकशी’ अशी तामूची पाटी होती. सत्तावीस वर्षं तिने टपाल कचेरीत पार्सलं तोलली होती, आणि न उघडता आत काय आहे ते ओळखण्याची खोड तिला तिथेच लागली. निवृत्त झाल्यावर तिने त्या खोडीचाच धंदा केला. बुश्ता तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बहीण वारली, बुश्ताची टॅक्सी म्हातारी झाली, आणि तेव्हापासून तो आणि टॅक्सी दोघंही तामूच्या दिमतीला होते. तिथल्या रीतीने ती दोघं एकमेकांना अजूनही मानाने ‘लाल्ला’, म्हणजे बाईसाहेब, आणि ‘सी’, म्हणजे साहेब, असंच म्हणत.

“भर कसली?” तामूने विचारलं.

“गांजाची.”

बाईचं नाव रहीमो. वर डोंगरात ऐन-तूत नावाचं गाव, तिथली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. औषधासाठी गांजा लावायला सरकार परवाने देऊ लागलं तेव्हा गावात सगळ्यांत आधी तिने घेतला, आणि तोही स्वतःच्या नावावर. परवान्यावर जमीन किती, तर डोंगरउताराची एक पायरी; नवऱ्याच्या बाकीच्या पायऱ्या सासूच्या ताब्यात.

“गावात सगळे छपरावर वाळवतात, उन्हात. तीन दिवसांत काम खलास,” रहीमो सांगू लागली. “पण औषधाच्या कारखान्याला तसा चालत नाही. मी फांद्या कापल्या, सावलीत उलट्या टांगल्या, बारा दिवस. काडी कडकन मोडायला लागली तेव्हा तुरे काढून सात मातीच्या बरण्यांत भरले. आता ते मुरतायत. रोज दुपारी बाहेर काढायचे, चाळणीवर पसरायचे, जरा वारा द्यायचा, परत भरायचे. सहा आठवडे.”

“लोणच्यासारखं,” बुश्ता म्हणाला.

“लोणच्याला तेल लागतं, सी. याला धीर लागतो.”

“आणि वजन?” तामूने विचारलं.

“भरले तेव्हा चाळीस किलो. तसं कागदावर लिहिलं गेलं. दोनशे ग्रॅम इकडेतिकडे चालतात. त्यापेक्षा कमी भरलं तर मी चोरून विकला, आणि जास्त भरलं तर परवान्याबाहेरच्या शेतातला आणून मिसळला. दोन्हीत परवाना जातो. दुसऱ्यात दारात पोलीसही येतात.” तिने गळ्यातली किल्ली बाहेर काढून दाखवली. “खोलीला ही एकच किल्ली. तरी दोन आठवड्यांमागे शुक्रवारी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाच्या माणसाने वजन केलं तर एक्केचाळीस किलो दोनशे. मला रात्रभर डोळा लागला नाही. बुधवारी शेजारून काटा मागून आणला आणि मीच तोललं. बरोब्बर चाळीस.”

“आणि गेल्या शुक्रवारी?”

“एक्केचाळीस किलो दीडशे. काल बुधवारी पुन्हा चाळीस.”

बुश्ताने बोटांवर हिशेब लावून पाहिला. “म्हणजे चोर शुक्रवारी सव्वा किलो ठेवून जातो,” तो हळूच म्हणाला, “आणि बुधवारच्या आत परत घेऊन जातो?”

“तसंच दिसतंय,” रहीमो म्हणाली. “आणि परवा शनिवारी सरकारी तपासनीस बाई येणार. सकाळी दहाला. आदल्या दिवशी शुक्रवार. त्याने परत भर घातली, तर माझा परवाना गेलाच म्हणून समजा.”

“शुक्रवारी तुमच्याकडे कोण कोण येतं?”

रहीमोला प्रश्नच कळला नाही. “सगळेच येतात. शुक्रवार असतो ना.”

*

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ऐन-तूतला पोचली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. कोरडा पूर्वेचा वारा सुटला होता. शेवटचा चढ टॅक्सीने बुश्ताच्या आर्जवांवर चढला.

रहीमोचं घर जुन्या धाटणीचं. खाली स्वयंपाकघर आणि अंगण, वर देवदाराच्या फळ्यांची एक खोली. खोलीत एका रांगेत सात बरण्या, भिंतीला टेकून पिठाच्या मोठाल्या चाळण्या, आणि गल्लीच्या बाजूला एक लहानशी खिडकी. ऊन येऊ नये म्हणून तिच्यावर काळं कापड होतं. तामूने एका बरणीचं झाकण उचललं, हुंगलं, एक काडी घेऊन वाकवली. काडी कडकन मोडली.

“हुंगा, सी बुश्ता.”

बुश्ताने भीत भीत हुंगलं. पाइनच्या चिकाचा, ओल्या मातीचा, जरासा मिरीचा वास. बरा होता. इतकं काही नव्हतं.

खाली स्वयंपाकघरात रहीमोची सासू लाल्ला फत्तूमा मोठ्या चुलीपुढे बसून सलगम सोलत होती. पाहुण्यांकडे तिने सुरीचं टोक रोखूनच पाहिलं.

“पोलीस का?”

“नाही, लाल्ला. मी खासगी आहे.”

“मग जेवायला थांबाल. सगळे खासगी लोक जेवायला थांबतात.” तिने बुश्ताकडे पाहिलं. “आणि हा उंट कोण?”

“माझे मेहुणे. टॅक्सी चालवतात.”

“बरं झालं. मला वाटलं वजन करायला आणलाय.”

तामू तिच्याशेजारी बसली आणि गाजर सोलायला घेतलं. “ही चूल रोज पेटते का?”

“रोज कशाला? रोजचं आपलं अंगणात, निखाऱ्यावर, झाकणाखाली शिजतं. ही शुक्रवारची. कुसकुसचा रवा वाफवायचा तर हंडी मोठी लागते, आणि तीन वाफा द्याव्या लागतात. एक वाफ कमी दिली तर दाणा गिळताना घशात बसतो. आजकालच्या पोरी दोन देतात आणि नवरे खोकत हिंडतात.”

“सूनबाईचं हे वरचं काम पसंत आहे का तुम्हाला?”

“मला कोण विचारतं? माझ्या कांद्यांची खोली होती ती. कांदे बाहेर काढले आणि तिथे हा पाला भरला. पाल्याला रोज हवा काय खायला घालते, चाळणीवर काय निजवते! माझ्या मुलाला कधी एवढं जपलं नाही.”

“कांदे कुठे ठेवता मग?”

“कोठारात. तिथे बरे राहतात. वर निम्म्यांना कोंबच फुटायचे.” मग जरा थांबून ती म्हणाली, “मी काही टाकत नाही हो तिच्या बरण्यांत. मला टाकायचं असतं तर तिच्यादेखत टाकलं असतं.”

बुश्ताला हे पटलं.

*

शेजारी हाजी मुफद्दल आपल्या छपरावर उभा होता. त्याच्या गांजाच्या पेंढ्या उन्हात पसरल्या होत्या. दोन्ही छपरांच्या मध्ये कमरेइतकी भिंत होती.

“औषध म्हणे!” तामूने काही विचारायच्या आतच तो म्हणाला. “माझ्या आजाने उन्हात वाळवला, बापाने उन्हात वाळवला. ही कालची पोर सावलीत टांगते. अहो, कपडे तरी कोणी सावलीत वाळवतं का?”

“गेल्या शुक्रवारी तुम्ही तिच्या जिन्यावरून उतरताना दिसलात म्हणे.”

“जिना चुकला.”

“तीस वर्षांचा शेजार, हाजी. जिना चुकला?”

हाजी खाकरला. “बरं, बघायला गेलो होतो. कुलूप होतं, परत फिरलो. पण सांगतो, तिथे काहीतरी काळंबेरं आहे. शुक्रवारी वजनाला बरण्या अंगणात आणल्या तेव्हा मी एक काडी उचलली. वाकली! मोडली नाही, वाकली. बुधवारी ती इथे छपरावर तोलत होती, तेव्हा भिंतीवरून हात घालून उचलली, ती कडकन मोडली. जुना माल मोडतो, ताजा वाकतो. शुक्रवारी कोणीतरी ताजा माल मिसळतं, दुसरं काय?”

“तुम्ही तिच्या काड्यांचा फारच अभ्यास केलाय.”

“शेजारधर्म,” हाजी म्हणाला आणि आकाशाकडे पाहू लागला.

जिना उतरताना तामू पुटपुटली, “सी बुश्ता, हाजीकडे जमिनीच्या किती पायऱ्या आहेत?”

“आल्यावर रहीमोने दाखवल्या ना. तीन.”

“आणि छपरावर पेंढ्या एका पायरीच्याही नाहीत.”

“म्हणजे उरलेला माल तो रहीमोच्या बरण्यांत—” बुश्ताचे डोळे चमकले. “तोच! शंभर टक्के तोच!”

“तुम्ही गाडी चालवताना इतक्या घाईने वळत नाही, तेवढं बरं आहे.”

*

साडेअकराला संघाचा माणूस अहमीदो आला. बारीक, नीटस, खांद्यावर पिशवी, हातात काटा. आल्या आल्या त्याने स्वयंपाकघरात डोकावून सलाम केला आणि हंडीकडे एक प्रेमळ नजर टाकली.

तामूने पर्समधून पितळी एक किलोचं वजन काढलं. नोकरीतली तेवढीच वस्तू तिने आठवण म्हणून आणली होती. काट्याने बरोबर एक किलो दाखवलं.

“काटा खरा आहे,” ती म्हणाली. “वजन शुक्रवारीच करायचं असा नियम आहे का?”

“आठवड्यातून एकदा, असा नियम आहे. वार आपण ठरवायचा.”

“बाकीच्या घरांची कधी करता?”

“सोमवारी.”

“तिथे कधी भर पडली?”

“कध्धीच नाही. उलट थोडं थोडं उतरतं.”

“मग रहीमोचं तेवढं शुक्रवारी का?”

अहमीदोचे कान लाल झाले. “सोयीचं पडतं,” तो म्हणाला.

तामूने रहीमोकडून धुतलेली, पिंजलेली लोकर मागून घेतली, अहमीदोच्या काट्यावर बरोब्बर एक किलो तोलली, आणि ती टोपलीत घालून वरच्या खोलीत नेऊन ठेवली.

“सी बुश्ता, आज पहारा तुमचा. तुम्ही आत बसायचं, दाराला आतून कडी. रहीमो झाकणं काढायला येईल तेव्हा आणि भरायला येईल तेव्हा, एवढंच दार उघडायचं. आणि या लोकरीला हात लावायचा नाही.”

“लोकर कशाला, लाल्ला?”

“दृष्ट लागू नये म्हणून,” तामू म्हणाली. तिची थट्टा कुठली आणि खरं कुठलं, हे बुश्ताला बावीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

अजान झाली तशी रहीमो वर आली. सातही बरण्यांतले तुरे तिने चाळण्यांवर हलक्या हाताने पसरले. मग खिडकी लावून घेतली.

“वारा द्यायचाय ना? मग खिडकी कशाला लावता?” बुश्ताने विचारलं.

“रोज उघडीच ठेवते. पण शुक्रवारी सगळा गाव या गल्लीतून मशिदीत जातो. त्यांच्या नाकात हा वास कशाला?”

“किती वेळ ठेवायचं असं?”

“शिकवायला आले होते ते म्हणाले, पाव तास. माझ्याकडे घड्याळ नाही. अजान झाली की काढते, माणसं नमाज आटपून बाहेर पडली की भरते.” ती गेली. बुश्ताने कडी घातली.

बसायला काही नव्हतं. जमिनीच्या फळ्या पाठीला रुतत होत्या. बुश्ताने थोडा वेळ लोकरीकडे पाहिलं, थोडा वेळ दाराकडे पाहिलं, आणि मग टोपली डोक्याखाली घेतली. हात लावायचा नाही, असं ती म्हणाली होती. डोक्याबद्दल काही बोलली नव्हती.

मशिदीतून इमामांचा आवाज येत होता. शेजाऱ्याच्या हक्कांवर प्रवचन सुरू झालं, आणि प्रत्येक शेजाऱ्याचा स्वतंत्र विचार होणार असं दिसू लागलं. बुश्ताने खिशातून मूठभर जैतुनाची फळं काढली. एक खाल्लं. बी हातातून निसटली, घरंगळली आणि फळ्यांच्या फटीत दिसेनाशी झाली.

“कोण रे तो?” खालून फत्तूमाचा आवाज आला. “माझ्या परातीत बिया कोण टाकतो? उंटा, तूच ना?”

बुश्ता श्वास रोखून पडून राहिला. खोलीत उकडत होतं. अंगरखा अंगाला चिकटू लागला. आणि भूक! इतकी भूक त्याला रमजानातही लागत नसे. त्याने एका चाळणीवर वाकून हुंगलं, तर पोटात खड्डाच पडला. गांजाने भूक लागते असं त्याने ऐकलं होतं. पण नुसत्या वासाने? सकाळी तर हुंगून काहीच झालं नव्हतं. आपलं वय झालं, असं त्याने ठरवलं.

दार मात्र त्याने सोडलं नाही. डोळे मिटले होते खरे, पण ते विचार करण्यासाठी.

तासभर उलटल्यावर गल्लीत चपलांचा आवाज झाला आणि रहीमो वर आली. तुरे भरले गेले, झाकणं बसली. बुश्ता ‘नुसतं हुंगून इतकी भूक!’ असं पुटपुटत अंगणात आला आणि त्याने सिगारेट काढली. पहिली काडी ओढताच तिचं डोकं विरघळून गेलं. दुसरीचं तसंच. तिसरीचं तसंच.

“कालच घेतली ही पेटी,” तो कुरकुरला. “लोक आजकाल काहीही विकतात.”

अहमीदोने त्याला आपली पेटी दिली. त्याच्या काडीने लगेच पेट घेतला. तामू उंबऱ्यावर उभी राहून पाहत होती. तिने पहिल्यांदाच हसू दाबलं.

*

कुसकुस असं झालं होतं की जेवताना कोणी कोणावर संशय घेतला नाही. सलगम, भोपळा, कोबी, चणे, वरून मुरवलेल्या लोण्याचा गोळा. हाजीने तीनदा घेतलं. अहमीदोने किती घेतलं ते त्याने स्वतःही मोजलं नाही.

मग बरण्या अंगणात आल्या. अहमीदोने एकेक तोलली, बरणीचं वजन वजा केलं, बेरीज केली, आणि त्याचा चेहरा पडला.

“एक्केचाळीस किलो दोनशे.”

रहीमो खाली बसली. ती रडली नाही. तिने नुसती गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

“आता बोला!” हाजी म्हणाला. “काडी बघा, वाकतेय! ताजा माल! आणि आत कोण होतं?”

सगळ्यांनी बुश्ताकडे पाहिलं. बुश्ताने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोणी आहे का.

“हा उंटच!” फत्तूमा कडाडली. “मघाशी बिया टाकत होता, आता पाला टाकला! झडती घ्या त्याची!”

झडती झाली. तीन जैतुनाची फळं, एक फणी, ओली काडेपेटी आणि बायकोचा एक जुना फोटो निघाला. फोटो पाहून फत्तूमा जरा नरमली. “झोपला असेल मेला,” ती म्हणाली. “तेवढ्यात कोणीतरी आत शिरलं.”

“मी झोपलो नव्हतो,” बुश्ता म्हणाला. पण आपण खरंच झोपलो नव्हतो का, याची आता त्यालाही खात्री नव्हती. तो काकुळतीने म्हणाला, “लाल्ला, कडी आतून होती. शपथेवर सांगतो. कोणी आलं नाही.”

“मला माहीत आहे,” तामू म्हणाली. “बसा सगळे. चहा घ्या. अहमीदो, तो काटा तिथेच राहू दे.”

सगळे बसले. तामूने पहिल्यांदा आपल्या पेल्यातला पुदिना बाजूला सारला.

“चोर ठेवतो आणि चोर नेतो. कुलूप न उघडता, आतून कडी असताना, समोर माणूस बसलेला असताना. असा चोर मी पाहिलेला नाही. म्हणून काल मी चोराचा विचार सोडून दिला. मालाचा विचार केला. असा कोणता माल आहे, जो बंद दारातून आत जातो आणि पाच दिवसांत आपोआप निघून जातो?”

हाजीने पेला खाली ठेवला.

“हाजी म्हणाले, शुक्रवारी काडी वाकते आणि बुधवारी मोडते. हाजींची नजर चांगली. निष्कर्ष तेवढा चुकला. ताजा गांजा वाकतो, तसा ओलसर झालेला जुनाही वाकतो. वाढतोय तो गांजा नव्हे. पाणी.”

“पाणी?” रहीमो म्हणाली. “मी थेंबभर पाणी वर नेत नाही!”

“तू नेत नाहीस. ते स्वतःच चढतं.” तामूने स्वयंपाकघराच्या छताकडे बोट केलं. “सी बुश्तांच्या हातातली बी फटीतून थेट परातीत पडली. जिथून बी खाली येते, तिथून वाफ वर जाणारच. रोज स्वयंपाक अंगणात होतो, झाकणाखाली. शुक्रवारी आतली चूल पेटते आणि तीन वाफा निघतात. त्या खोलीत कांद्यांना कोंब फुटायचे, कोठारात फुटत नाहीत. का? खोलीला दर आठवड्याला न्हाणं होतं म्हणून.”

“पण कुसकुस काय आम्ही आत्ताच करायला लागलोय?” फत्तूमा म्हणाली. “आणि बरण्यांना झाकणं असतात!”

“असतात. शुक्रवारी दुपारी तेवढी नसतात. रहीमो अजान झाली की तुरे पसरते आणि नमाज सुटला की भरते. एरवी ते पाव तासाचं काम. पण शुक्रवारी मध्ये प्रवचन असतं. आज इमामसाहेब किती वेळ बोलले, सी बुश्ता?”

“सातव्या शेजाऱ्यापर्यंत तरी,” बुश्ता म्हणाला.

“तासभर. आणि एरवी उघडी असणारी खिडकी शुक्रवारी लोकलाजेने बंद. खाली हंडी उकळतेय, वर चाळण्यांवर हाडासारखे कोरडे तुरे पसरलेत. ते वाफ पितात. मग झाकण लागतं, ओल आत कोंडते, आणि लगेच अहमीदो वजन करतो. त्यानंतर पाच दिवस हा कोरडा वारा रोज थोडी थोडी ओल काढून नेतो. बुधवारी चाळीस.”

“हे नुसतं बोलणं झालं,” हाजी म्हणाला. “पुरावा?”

“तीन आहेत. पहिला, सी बुश्तांची काडेपेटी. काल घेतलेली, आज खोलीतून बाहेर आली तर ओली. अंगणात बसलेल्या अहमीदोची कोरडी. दुसरा, सी बुश्तांचं नाक. सकाळी त्यांना बरणीत गांजाचा वास आला, दुपारी हुंगून भूक लागली. आत्ताही हुंगा कोणीही. सलगम आहे, मुरलेलं लोणी आहे, मला वाटतं थोडी कोबीसुद्धा आहे.”

हाजीने बरणीत नाक घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. “दालचिनीही आहे,” तो शेवटी म्हणाला.

“चिमूटभरच घातली होती,” फत्तूमाच्या तोंडून निघून गेलं.

“आणि तिसरा.” तामूने लोकरीची टोपली पुढे ओढली. लोकर मध्यभागी खोलगट दबली होती, अगदी बुश्ताच्या डोक्याच्या आकाराची. तामूने त्याच्याकडे पाहिलं. तो पेल्यात पाहू लागला. “सकाळी सगळ्यांसमोर एक किलो तोलली होती. अहमीदो, आता तोल.”

अहमीदोने तोलली. काटा पुन्हा पाहिला. “एक किलो ऐंशी ग्रॅम.”

“बोला, हाजी. लोकरीत पण ताजा गांजा मिसळला का कोणी?”

रहीमो हसू लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

सगळ्यांत जास्त लागलं ते फत्तूमाला. “म्हणजे गुन्हेगार माझं कुसकुस?”

“आणि इमामसाहेबांचं प्रवचन, लाल्ला. निम्मं निम्मं.”

“मग निदान चांगल्या सोबतीत आहे,” फत्तूमा म्हणाली.

“पण उद्या दहाला त्या बाई येणार!” रहीमोने डोळे पुसले. “बुधवार यायला पाच दिवस आहेत. तोवर काय करू?”

“आरपार वारा खेळेल अशी सावलीची जागा हवी. आत्ता, लगेच. आणि ती हाजींकडे आहे.”

“माझ्याकडे?” हाजी दचकला. “माझ्याकडे छप्पर आहे. ऊन आहे.”

“तीन पायऱ्यांचं पीक आणि छपरावर एका पायरीच्याही पेंढ्या नाहीत, हाजी. उरलेल्या कुठे आहेत? शेजारणीच्या काड्या दोनदोनदा मोडून कशाशी ताडून बघत होता?”

हाजीने दाढी कुरवाळली, मशिदीच्या मनोऱ्याकडे पाहिलं, फत्तूमाकडे पाहिलं, आणि कोणाकडूनच मदत येत नाही असं दिसल्यावर म्हणाला, “गोठ्यात. शेळ्या खाली बांधल्यात. दोन्हीकडून झरोके आहेत, वारा चांगला लागतो.” आणि अगदी बारीक आवाजात, “सावलीत उलट्या टांगल्यात. बारा दिवस झाले. काडी अजून नीट मोडत नाही. पोरीला विचारायची लाज वाटली.”

“तीस वर्षांचा शेजार!” फत्तूमा म्हणाली. “विचारलं असतंस तर आमचं काय गेलं असतं? चाळण्या उचल आधी!”

संध्याकाळच्या आत चाळण्या गोठ्यात गेल्या. अहमीदोने दाराला संघाची मोहर लावली आणि बाहेर घोंगडी टाकून तो आणि बुश्ता पहाऱ्याला बसले. वारा गोठ्यातून आरपार वाहत होता.

*

तपासनीस बाई शनिवारी ठीक दहाला आल्या. चष्मा, जाड वही, चेहऱ्यावर एक रेघ नाही. मोहर पाहिली, तोडली, तुरे बरण्यांत भरून घेतले, आणि स्वतःच्या काट्यावर स्वतः तोलले. सातव्या बरणीच्या वेळी रहीमोचे ओठ पांढरे पडले होते.

“चाळीस किलो एकशे वीस,” बाई म्हणाल्या. मग वहीची पानं उलटून त्यांनी अहमीदोकडे पाहिलं. “हे मागच्या तीन शुक्रवारचे आकडे काय आहेत?”

अहमीदो उभा राहिला. त्याने हंडी सांगितली, प्रवचन सांगितलं, लोकर सांगितली. सांगता सांगता आपण शुक्रवारच का निवडला हेही त्याने सांगून टाकलं, कारण एकदा खरं बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं.

“वजन यापुढे बुधवारी,” त्या म्हणाल्या.

“बुधवारी इथे मसूर असतात,” अहमीदो खिन्नपणे म्हणाला.

बाईंनी शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि रहीमोच्या कागदावर दाबला. मग दुसरा कोरा कागद पुढे घेतला. “पुढच्या वर्षीचा अर्ज. जमीन किती लिहू? एक पायरी?”

रहीमोने सासूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. “तीन,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याच्या होत्या तेवढ्या सगळ्या.”

हाजीने जपमाळ थांबवली. बुश्ताला वाटलं, आता या म्हातारीच्या तोंडून काय निघेल ते ऐकण्यापेक्षा टॅक्सीत जाऊन बसलेलं बरं.

फत्तूमा भिंतीला धरून उठली, बाईंच्या खांद्यावरून कागदाकडे वाकली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने तो नीट पाहिला.

“चार लिही,” ती म्हणाली. “वरची माझ्या नावावर आहे.”